मनूस, पंक्चरविषयी

साखळी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर रविवारच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडबद्दल तू म्हणालीस, 'पंक्चर झालं तर बघू.' म्हणून हे पत्र. फोनवर सांगायला गेलो तर 'हो बाबा' म्हणून ठेवून देतेस.

200 किलोमीटर पुरे करायला साडेतेरा तासच मिळतात. तुझं चाक बसलं म्हणून घड्याळ थांबत नाही. मडगाव, कुंकळ्ळीपर्यंत कोणी तरी भेटेल. पुढे करमल घाटात रान आणि वळणं. त्यात रविवार. एखादा पंक्चरवाला सापडला तरी त्याच्या पंपाचं तोंड स्कूटरचं, तुझा बारीक व्हॉल्व त्यात बसायचा नाही. त्यासाठी पितळेचा टीचभर अडॅप्टर मिळतो, तो घे. हातपंप तर हवाच.

आता माझी फजिती. चोर्ला घाट उतरून केरीकडे येत होतो, मागचं चाक बसलं. ऐटीत नवी ट्यूब घातली, दोन किलोमीटर गेलो, पुन्हा फुस्स. टोचणारं काढलंच नव्हतं ना! ट्रकचे टायर फुटतात, त्यांतल्या तारेचा तुकडा. केसासारखा, बाहेरून दिसतसुद्धा नाही. दुसरी ट्यूब नव्हती. सायकल ढकलत केरी गाठलं, घरी पोचलो तोवर अंधार पडला होता आणि तुझी आई दारात उभी.

म्हणून नवी ट्यूब घालायची घाई नको. आधी जुनीत हवा भरून भोक शोध. मग ट्यूबचा व्हॉल्व चाकातल्या व्हॉल्वच्या भोकाशी जुळवून ती टायरला लावून बघ, तार तिथंच आसपास असणार. आतून रुमाल फिरव, तार असेल तिथं अडकतो. (मी बोट फिरवलं होतं.) शेजारी शेजारी दोन भोकं दिसली तर मात्र तार शोधत बसू नकोस, हवा कमी होती आणि खड्ड्यात रिमनं ट्यूब चिमटली.

टायर बसवताना व्हॉल्वच्या समोरच्या बाजूनं सुरुवात कर, शेवट व्हॉल्वपाशी. शेवटचा वीतभर भाग बसता बसत नाही, तिथं सगळे टायर काढायची पट्टी घालतात आणि नवीच ट्यूब फाडतात. अंगठ्यांनी रेट.

ट्यूब दोन ने. ओल्या ट्यूबला ठिगळ चिकटत नाही आणि पावसाचा भरवसा नाही. टायरच चिरला तर आतून दहाची नोट दुमडून लाव, घरापर्यंत येशील. ट्यूब मोज्यात गुंडाळ, नाही तर पान्यावर घासून पिशवीतच भोक पडतं.

शनिवारी रात्री खोलीतला दिवा घालवून एकदा मागचं चाक काढून बसव. मागचंच. पुढचं कुणालाही येतं.

आईनं ट्यूबसाठी तुझा शाळेचा निळा मोजा शोधून काढलाय, एकच सापडला. त्यात माझ्या दोन पट्ट्या घातल्या आहेत. वाकलेली आहे ती केरीची.

तुझा,
बाबा