पंपावर निदान पाटी तरी लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल, म्हणजे उसापासून बनणारे अल्कोहोल, मिसळण्याचे कौतुक करणारा आपला कालचा अग्रलेख वाचला. तेलाच्या आयातीवरचा खर्च वाचतो, उसाला पैसे मिळतात, हे मला मान्य आहे. माझा स्वतःचा दोन एकर ऊस आहे. म्हणूनच त्यातले ‘तक्रार करणाऱ्यांना शेतकऱ्याचे बरे झालेले बघवत नाही’ हे वाक्य मनाला लागले.

माझी स्कूटर २०११ सालची. गेल्या जुलैत ती तीन आठवडे अंगणात पत्र्याखाली उभी होती. एके सकाळी आईला दवाखान्यात न्यायला बाहेर काढली, तर किक मारून मारून पाय भरून आला, पण ती चालू झाली नाही. ऐंशी वर्षांची आई पावसात पायरीवर बसून होती. शेवटी शेजाऱ्यांनी गाडी काढली. नंतर मिस्त्रीने टाकी खोलून पेट्रोल बाटलीत ओतून दाखवले. वर पेट्रोल, खाली गढूळ थर. पूर्वी टाकीत पावसाचे चार थेंब गेले तर तळाशी चारच थेंब सापडायचे. इथेनॉल पाणी धरून ठेवते आणि पाणी प्रमाणाबाहेर गेले की त्याच्यासकट पेट्रोलपासून सुटून तळाला बसते. कार्ब्युरेटर साफ करावा लागला, फुगलेल्या रबरी नळ्या बदलाव्या लागल्या. पंपावर विचारले तर उत्तर मिळाले, “काका, आता सगळीकडे हेच येतंय.” तिथे मिश्रणाची पाटी नव्हती, टाकीत पाणी जाऊ देऊ नका असे सांगणारेही कोणी नव्हते.

वीस टक्के मिश्रणाने जुन्या चारचाकींचे ॲव्हरेज ६-७ टक्के आणि दुचाकींचे ३-४ टक्के घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच आहे. मग लिटरचा दर तेवढा कमी का नाही? अग्रलेखात ब्राझीलचे कौतुक आहे. तिथे १९७५ पासून हा कार्यक्रम चालू आहे, पण पंपावर इथेनॉल वेगळे, पेट्रोलचे मिश्रण वेगळे आणि दोन्हींचे दरही वेगळे. इथेनॉलचा दर पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या आत असेल तरच ते परवडते, हा तिथल्या गाडीवाल्यांचा साधा हिशेब. आम्हाला निवडच नाही. जुन्या गाड्यांसाठी दहा टक्के मिश्रणाचे पेट्रोल प्रत्येक तालुक्यात एका तरी पंपावर ठेवा, एवढेच मागणे आहे.

आणि इथेनॉल बनवणाऱ्या डिस्टिलरीचे गुणगान करताना तिच्या सांडपाण्याबद्दलही दोन ओळी लिहायला हव्या होत्या. आमच्या ओढ्याला हंगामात मळीचा असा वास सुटतो की जनावरे पाण्याला तोंड लावत नाहीत. त्याबद्दलचे माझे मागचे पत्र आपण छापले नाही. हे तरी छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक व ऊस उत्पादक,
कराड तालुका