खिडकीजवळच्या कपाटाबद्दल

ती. बाबा आणि ती. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रोवणी आटोपली, पोळाही झाला. आता दोघांनाही जरा सवड असेल असं धरून लिहिते आहे. फोनवर माझ्या वाचनालयातल्या किशोरांच्या पुस्तकांचा विषय निघाला की बाबा "बरं बरं" म्हणतात आणि फोन आईच्या हाती देतात. मला मात्र नीट आणि सगळं सांगायचं आहे, म्हणून पत्र.

पोळ्याला घरी आले तेव्हा बाबांनी विचारलं होतं, "वाचनालयाच्या पैशातून तू चित्रांची पुस्तकं घेतेस म्हणे?" हो बाबा, घेते. आणि पुढल्या वर्षी आणखी घेणार आहे.

तुम्ही आरमोरीला आलात तेव्हा आमचं वाचनालय बाहेरूनच पाहिलंत. सकाळी मी कुलूप काढायच्या आधीच पायरीवर पोरं बसलेली असतात. पोलीस भरती, वनरक्षक, तलाठी. लांब टेबलं दिवसभर त्यांचीच असतात आणि त्यांना जागा मिळायलाच हवी, त्यावर कित्येक घरांची आशा आहे. दुपारी पेपर वाचणारी ज्येष्ठ मंडळी येतात. चौथी-पाचवीची लेकरं रंगीत गोष्टींच्या पुस्तकांवर तुटून पडतात. पण सातवीपर्यंत नेमानं येणारं पोरगं आठवीत गेलं की दिसेनासं होतं. सगळे मोबाइलला दोष देतात. मोबाइल आहेच, पण मी रजिस्टर चाळलं तेव्हा मला वेगळंच दिसलं. त्या वयाच्या पोराला देण्यासारखं आमच्याकडे काही नव्हतंच. मागे राक्षस आणि राजपुत्र, पुढे एकदम जाडजूड कादंबऱ्या, आणि मधे काहीच नाही.

ते मधलं वय किती अवघड असतं ते तुम्ही शाळेत तीस-पस्तीस वर्षं पाहिलंय, बाबा. आवाज फुटलेला असतो, पोरगा बापाशी बोलेनासा होतो. पोरीच्या घरी पाव्हणे बघून जायला लागलेले असतात आणि तिचं मत कुणी विचारत नाही. वर्गात कुणीतरी आवडायला लागतं, त्याची लाजही वाटते. ही लेकरं शहाणपण सांगणारं पुस्तक शोधत नाहीत. आपल्यासारखंच कुणीतरी पुस्तकात आहे का, हे ती शोधतात. आपल्याकडे कुमारांसाठी म्हणून छापतात त्यातलं बरंच उपदेशानं भरलेलं असतं. शेवटी कुणी गुरुजी नाहीतर आजोबा येऊन समजूत घालतात. मुलांना ते दोन पानांत कळतं आणि पुस्तक खाली ठेवलं जातं.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे इतकी वर्षं का टिकला, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. तो पोरगा स्वतः धडपडतो, स्वतः संकटात पडतो आणि स्वतःच्या डोक्यानं बाहेर येतो. अमेरिकेत एस. ई. हिंटन नावाच्या मुलीनं शाळेत असतानाच गरीब आणि श्रीमंत पोरांच्या टोळ्यांवर कादंबरी लिहिली. 1967 साली ती छापली गेली तेव्हा हिंटन अठरा वर्षांची होती. तिकडे किशोरवयीन मुलांसाठीच्या कादंबऱ्यांचं दालन खरं उघडलं ते तिथून, असं मानतात. तिला आपल्या वयाच्या मुलांचं खरं जगणं पुस्तकात सापडत नव्हतं, म्हणून तिनंच ते लिहून काढलं. हे वाचलं तेव्हा मला आमच्या आठवी-नववीच्या पोरी डोळ्यांसमोर आल्या.

त्या पोरी मानव विकासच्या, म्हणजे शाळेत जाणाऱ्या मुलींसाठीच्या, निळ्या एसटी गाडीनं येतात. शाळा सुटली की गाडी येईपर्यंत अर्धा-पाऊण तास असतो. पूर्वी स्टँडवर उभ्या राहायच्या, आता आमच्याकडे येतात. खिडकीजवळचं लोखंडी कपाट मी रिकामं केलं आणि त्यात फक्त तेरा ते सोळा वयाची पुस्तकं ठेवली. थोडीच आहेत, पण कुलूप नाही. हात घालायचा, उचलायचं, नाही आवडलं तर परत ठेवायचं. त्यातली एक पोरगी महिनाभर एकच पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसायची, तोंडातून शब्द नाही. एक दिवस गाडीचा हॉर्न वाजला आणि जाता जाता म्हणाली, "म्याडम, याचा दुसरा भाग हाय का जी?" बाबा, त्या दिवशी मी घरी जाऊन स्वयंपाकही केला नाही, रात्रभर प्रकाशकांच्या याद्याच चाळत बसले.

आता चित्रांचं. तुमचं म्हणणं, चित्रं आली की वाचन आळशी होतं. त्यावर मला जरा सविस्तर बोलू द्या, कारण इथेच तुमचं-माझं पटत नाही.

चित्रकादंबरीत, म्हणजे चित्रांच्या चौकटींतून सांगितलेल्या गोष्टीत, दोन चौकटींच्या मधे एक रिकामी पट्टी असते. पहिल्या चौकटीत उगारलेला हात, दुसरीत भिंतीला टेकून बसलेलं मूल. फटका कुठेच काढलेला नसतो. तो वाचणाऱ्यानं मनात पाहायचा असतो. मधे किती वेळ गेला, कोण काय बोललं, कोण गप्प राहिलं, सगळं त्यानंच भरायचं. चेहरा एक सांगतो आणि फुग्यातले शब्द दुसरंच सांगतात, तेव्हा खरं काय ते ठरवायचंही त्यानंच. हे वाचनच आहे बाबा, आणि सोपं नाही. शिवाय आश्रमशाळेतून सुटीला येणारी काही मुलं घरी गोंडी बोलतात. मराठीचं पान समोर आलं की ती बिचकतात. चित्र त्यांना धीर देतं. एकदा गोष्टीत शिरली की शब्दही सोडवत जातात, अडलं की विचारतात.

मंडईच्या जत्रेच्या दिवसांत तुम्ही घोंगडी पांघरून वडशाच्या नाटक कंपनीचं नाटक रात्रभर बघता आणि पहाटे घरी येऊन आईला संवाद म्हणून दाखवता. डोळ्यांनी बघितलं म्हणून ते तुम्हाला कमी कळलं, असं कुणी म्हणेल का? आणि तुमच्या लोखंडी पेटीतले चांदोबा? विक्रमाच्या खांद्यावर लोंबणारा तो वेताळ शंकर नावाच्या चित्रकारानं काढलेला. गोष्ट वाचायच्या आधी मी ते चित्र कितीदा पाहिलंय. तुम्हीही पाहिलंच असणार, नाहीतर पेटी इतकी जपली नसतीत.

एका पुस्तकाबद्दल मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'भीमायन'. दिल्लीच्या नवयान प्रकाशनानं 2011 साली इंग्रजीत काढलं. बाबासाहेबांच्या लहानपणीचे आणि पुढचेही अपमानाचे प्रसंग त्यात आहेत. शाळेत पाणी न मिळणं, 1901 साली वडिलांना भेटायला निघालेल्या भावंडांना गाडीवान न मिळणं, परदेशात शिकून आल्यावरही बडोद्यात राहायला जागा न मिळणं. चित्रं काढली आहेत दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांनी. ते मध्य प्रदेशातले परधान गोंड. गोंडांच्या घरी जाऊन देवांच्या आणि राजांच्या कथा गाणारे परधान आपल्या चांद्याकडेही आहेत, त्यांच्याबद्दल तुम्हीच मला लहानपणी सांगितलं होतं. या दोघांनी चौकटी काढायला नकार दिला. चौकटीत माणसं कोंडली जातात, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे पानभर झाडं, प्राणी, पाणी, माणसं मोकळी पसरलेली आहेत. साध्या, सोसणाऱ्या माणसाच्या बोलण्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. जातीचं विष ओकणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. मी इंग्रजी वाचत मराठीतून सांगत जाते आणि मुलं पानावर वाकलेली असतात. विंचवाचा फुगा दिसला की मी वाचायच्या आधीच त्यांना कळतं, हा माणूस काय बोलणार आहे. गोंडांच्या घरची एक मुलगी पानावर बोट ठेवून म्हणाली, "हे तर आमचं हाय." तिच्या लोकांची चित्रकला तिला पहिल्यांदाच छापील पुस्तकात दिसत होती, तीही बाबासाहेबांची गोष्ट सांगताना. एवढ्यासाठी तरी ते कपाट असायलाच पाहिजे.

आणखी एक, ग्रंथपाल म्हणून मला फार लागलेलं. अमेरिकेतले जॉन लुईस हे काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढलेले खासदार होते. 1956 साली, सोळा वर्षांचे असताना ते वाचनालयाचं कार्ड मागायला गेले आणि इथे फक्त गोऱ्यांना प्रवेश आहे असं ऐकून परतले. पुढे त्यांनी आपल्या लढ्याची गोष्ट चित्रकादंबरीच्या तीन भागांत सांगितली. तिसऱ्या भागाला 2016 साली किशोरसाहित्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा व्यासपीठावर ही वाचनालयाची आठवण सांगताना त्यांना रडू आवरलं नाही. चित्रांचाच मार्ग का? तर 1957 साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेतृत्वाखाली काळ्या लोकांनी केलेल्या बस बहिष्कारावर एक दहा सेंटचं कॉमिक निघालं होतं, ते त्या काळात लुईस यांच्यासारख्या तरुण पोरांच्या हाती पडलं होतं. सत्याग्रह कसा करायचा ते त्यात चित्रांतून समजावलेलं होतं. कॉमिक म्हणजे पोरखेळ, असं म्हणणाऱ्याला मी ही गोष्ट सांगते.

आमच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळातही एक-दोघांचा विरोध आहे. ही पुस्तकं महाग पडतात, पानं लवकर निखळतात, हे खरं आहे. मी डिंक आणि पातळ कापड आणून ठेवलं आहे, आता मुलंच बांधणी करतात. कादंबरीत पोरगा-पोरगी बोलतात म्हणून एका पालकाची तक्रार आली, तेव्हा मी त्यांना खुर्ची दिली आणि पुस्तक हातात दिलं. त्यांनी तिथेच बसून अर्धं वाचलं. आपल्याकडे ग्रंथालयशास्त्र घडवणाऱ्या रंगनाथनांनी 1931 सालीच ग्रंथपालाला बजावून ठेवलंय, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. चौदा वर्षांचं पोर वाचक नाही का?

दादा शनिवारी इकडे बँकेच्या कामाला येणार आहे, त्याच्याजवळ 'भीमायन' पाठवते. बाबा, तुम्हाला इंग्रजी येतं, पण एक विनंती आहे. पुस्तक आधी आईकडे द्या. आई, तू पेपर कधी हातात घेत नाहीस, बाबा वाचतात आणि तू ऐकतेस. या वेळी तू पानं उलट, तुझ्या वेगानं, आणि काय चाललंय ते तू बाबांना सांग. बाबांनी मधे बोलायचं नाही. तुझं पुस्तक पाहून झालं की मग त्यांनी अक्षरं वाचावीत आणि कुठे जुळलं, कुठे नाही ते दोघांनी मला फोनवर सांगावं. मला खरंच ऐकायचं आहे.

नागभीडला जाल तेव्हा आईच्या चष्म्याचा नंबर तपासून घ्या, पैसे मी पाठवते. बाबांनी बीपीची गोळी चुकवू नये. पुस्तक मात्र दिवाळीच्या आत परत पाठवा, आठवीतल्या दोघींनी नंबर लावून ठेवले आहेत.

तुमची लेक