पीजेच्या नानांना

नाना,

तुम्ही मोबाइलवर वाचत नाही, म्हणून हे नातवाकडून वाचून घ्या. नाव लिहू नका म्हणालात, नाही लिहिलं. शेंदुर्णीत ज्याला कळायचं त्याला कळेल.

त्या दिवशी आप्पांना घेऊन तुमच्याकडे पोचले तेव्हा मी रडवेली झाले होते. वाफेच्या इंजिनाच्या काळात आप्पा पाचोऱ्याला पीजेवर, म्हणजे पाचोरा-जामनेर छोट्या गाडीवर, खलाशी होते, कोळसा भरायचे. आता नातवंडांची नावं विसरतात, पण रोज सकाळी विचारतात, "गाडी लागली का?" 2020 च्या मार्चमध्ये लॉकडाउनला थांबलेली गाडी पुन्हा सुटलीच नाही, हे त्यांना किती वेळा सांगणार? म्हटलं, एकदा रूळच दाखवून आणू.

तुमच्याआधी दोन ठिकाणी विचारून झालं होतं. एकाने आत सोडलं नाही. दुसऱ्याने मान वर न करता सांगितलं, "काय बघायचंय तिथे? बाबाला घरी न्या, ऊन लागेल." बोलणं काळजीचंच होतं म्हणा. पण ज्या माणसाने उमेदीची वर्षं त्या लाइनीवर काढली, तो त्यांच्या लेखी उन्हात आणलेला एक म्हातारा होता. हे मी अजून विसरलेले नाही आणि विसरायचंही नाही.

तुम्ही मात्र "बठा आप्पा, घाई नही" म्हणालात, आणि खांद्यावरचा रुमाल काढून तापलेल्या रुळावर अंथरलात. तेवढ्यावरही मी आभार मानले असते. पण खरी गोष्ट पुढे घडली. खडीतून तुम्ही एक काळा खडा उचललात, धोतराला पुसलात आणि आप्पांच्या हातावर ठेवून विचारलंत, "हा कोळसा चांगला की भेसळीचा? मला नाही कळत, तुम्ही सांगा."

आणि गप्प बसलात. आप्पांना शब्द सापडेपर्यंत किती वेळ गेला, मी मोजला नाही. मला राहवेना, मी मध्ये बोलणार होते, तर तुम्ही नुसता हात वर केलात.

मग आप्पा सुटले! चांगला कोळसा फुटला की चकाकतो. दगड मिसळलेला वजनाला जड आणि दिसायला मेलेला. तसला आला की भट्टीच्या जाळीवर क्लिंकर, म्हणजे वितळून घट्ट झालेली राख, धरतो, खालून हवा लागत नाही, आणि फायरमन शिव्या घालतो भरणाऱ्याला. चुरी असली तर पाणी मारून द्यायची, नाहीतर उडते. एकदम ढकलायचा नाही, थोडा थोडा पसरून टाकायचा. धूर काळाकुट्ट निघाला तर समजायचं, आत कोळसा वाया चाललाय. खान्देशात खाण कुठली? सगळा कोळसा बाहेरून मोठ्या लाइनीने पाचोऱ्याला यायचा आणि तिथून पुढे माणसांच्या डोक्यावरून छोट्या इंजिनात. चाळीस वर्षं मी त्यांची मुलगी आहे, यातलं एक अक्षर मला माहीत नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं.

पीजेवर लिहितात ते बहुतेक तिच्या संथपणावर. दोन रुळांत अडीच फुटांचं अंतर, 56 किलोमीटर, वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा, जामनेर. चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढता यायचं वगैरे. पहिलं महायुद्ध संपता संपता ती सुरू झाली. इकडचा कापूस मोठ्या लाइनीपर्यंत पोचावा म्हणून टाकलेली लाइन ती. आता ब्रॉडगेज होऊन ती पुढे बोदवडपर्यंत जायची आहे. होऊ द्या, लोकांची सोयच होईल. फक्त त्या गमतीच्या गोष्टींत कोळसा भरणारा कुठेच नसतो. तुमच्या प्रश्नात तो होता.

नाना, तुम्ही स्वतः गँगमन होतात. कोळसा तुम्हाला कळत नाही, यावर माझा विश्वास नाही. कळत असून न कळल्यासारखं करणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत, पण ती काम टाळायला. समोरच्याला मोठं करायला असं करणारे तुम्हीच भेटलात.

तो खडा आप्पांच्या सदऱ्याच्या खिशात आहे. खिसा काळा झालाय. धुवायला देत नाहीत. सकाळी गाडीचं विचारणं थांबलेलं नाही, ते खोटं कशाला सांगू.

निघताना तुम्ही आणखी एक विचारलं होतं, टोपली खांद्यावर घ्यायचे की डोक्यावर? तेव्हा आप्पा दमले होते, तसेच गाडीत झोपले. काल रात्री जेवताना मध्येच घास खाली ठेवून म्हणाले, "त्याला सांग, डोक्यावर. खांद्यावर घेतली तर समजायचं, गडी नवा आहे."

सांगितलं.

तुमची,
जळगावची लेक