मोबाइलच्या परीक्षणांत मेगापिक्सेलपलीकडचे आकडेही छापावेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या तंत्रज्ञानविषयक पानावर महागड्या, म्हणजे हल्ली ज्यांना ‘फ्लॅगशिप’ म्हणतात अशा स्मार्टफोनची जी परीक्षणे येतात, ती मी फोटो स्टुडिओचा व्यावसायिक या नात्याने बारकाईने वाचतो. माझ्याकडे येणारे बहुतेक ग्राहक आता मोबाइलवर काढलेलेच फोटो छापून घेतात आणि पेनड्राइव्ह हातात देता देता, नवा फोन आलाय तो घ्यावा का, हेही विचारतात. या प्रश्नाचे नीट उत्तर द्यायचे तर जी माहिती हाताशी लागते, ती परीक्षणांत क्वचितच मिळते, आणि लाख-सव्वा लाखाचा व्यवहार लोक एका मोठ्या आकड्याच्या भरवशावर करून मोकळे होतात, म्हणून हे पत्र.

तो आकडा अर्थातच मेगापिक्सेलचा, म्हणजे चित्र किती दशलक्ष ठिपक्यांचे (पिक्सेलचे) आहे ते सांगणारा. सॅमसंगच्या गॅलक्सी एस२३ अल्ट्रापासून एस२५ अल्ट्रापर्यंत मुख्य कॅमेरा २०० मेगापिक्सेलचा आहे, हे शाळकरी मुलेही सांगतात. पण हा फोन नेहमीच्या सेटिंगवर जो फोटो काढतो तो १२ मेगापिक्सेलचा असतो, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. कॅमेऱ्यातले पिक्सेल इतके बारीक आहेत, जेमतेम ०.६ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), की कमी उजेडात एकेकट्या पिक्सेलवर पुरेसा प्रकाश पडत नाही, म्हणून फोन सोळा पिक्सेल एकत्र करून त्यांचा एक करतो. यात फसवणूक काहीच नाही, ती चांगली युक्ती आहे. पण मग ग्राहकाला सांगायचे ते २०० हा आकडा नव्हे, तर प्रकाश गोळा करणारा सेन्सर केवढा आहे ते. आयफोनचे उदाहरण याहून बोलके आहे. २०१५ च्या ६एसपासून २०२१ च्या आयफोन १३ पर्यंत मुख्य कॅमेरा १२ मेगापिक्सेलचाच राहिला, तरी ६एसवर आणि १३ प्रोवर रात्री काढलेले दोन फोटो शेजारी ठेवले तर ते एकाच कंपनीच्या फोनचे आहेत यावर विश्वास बसणार नाही. त्या काळात पिक्सेलचा आकार १.२२ मायक्रॉनवरून १.९ मायक्रॉनवर गेला आणि एकामागोमाग अनेक फ्रेम घेऊन त्या जुळवणारे सॉफ्टवेअर आले. फरक पडला तो या दोन गोष्टींनी.

छपाईचा हिशेब तर अगदी सरळ आहे. इंचाला ३०० ठिपके या दराने ८ बाय १२ इंची फोटो छापायला साधारण साडेआठ मेगापिक्सेल पुरतात. भिंतीवर लावायचा १२ बाय १८ चा फोटोही १२ मेगापिक्सेलच्या चांगल्या फाइलवरून समाधानकारक निघतो, कारण तो कोणी नाकाशी धरून पाहत नाही.

परीक्षणांत दुसरी हुकणारी गोष्ट म्हणजे दुय्यम कॅमेरे. मागच्या बाजूला तीन-चार भिंगे दिसतात म्हणून ती सारख्याच ताकदीची आहेत असे लोक धरून चालतात. वास्तविक एस२५ अल्ट्राचा ३ पट झूमचा कॅमेरा १० मेगापिक्सेलचा असून त्याचा सेन्सर क्षेत्रफळाने मुख्य सेन्सरच्या पाचव्या हिश्शाहूनही लहान आहे, आणि २०२१ च्या एस२१ अल्ट्रापासून तिथे म्हणण्यासारखी सुधारणा झालेली नाही. घरातल्या माणसांचे चेहरे टिपायला मात्र हा ३ पट झूमच सर्वांत सोयीचा असतो. मुख्य कॅमेऱ्याने जवळ जाऊन चेहरा टिपला की नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. चार पावले मागे सरून ३ पटीवर टिपला की चेहरा जसा आहे तसा येतो. बारशाचे, साखरपुड्याचे, डोहाळजेवणाचे फोटो काढणाऱ्याला १०० पट झूमचा उपयोग नाही, त्याला हा मधला कॅमेरा दणकट हवा. विवो एक्स२०० प्रोने टेलिफोटोलाच, म्हणजे झूमच्या कॅमेऱ्यालाच, मोठा, २०० मेगापिक्सेलचा सेन्सर दिला आणि आयफोन १७ प्रोमध्ये मागचे तिन्ही कॅमेरे ४८ मेगापिक्सेलचे करून टेलिफोटोचा सेन्सर आधीपेक्षा मोठा केला. या दोन्ही बदलांचे महत्त्व मेगापिक्सेलच्या आकड्यापेक्षा सेन्सरच्या आकारात आहे, आणि बातमी नेमकी त्याचीच व्हायला हवी.

येथे एक परीक्षा सुचवतो, जी कोणीही दुकानात उभ्या उभ्या करू शकतो. दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे फोन धरावा, ३ किंवा ५ पट झूम निवडावा आणि टेलिफोटोच्या भिंगावर बोट ठेवावे. पडद्यावरचे चित्र तसेच दिसत राहिले, तर फोन टेलिफोटो वापरतच नाही, मुख्य कॅमेऱ्याचेच चित्र कापून मोठे करून दाखवतो आहे असे समजावे. उजेड कमी पडला की अनेक फोन असे करतात. मंगल कार्यालयात रात्री काढलेल्या फोटोत मुंडावळ्यांतले मोती एकमेकांत मिसळून नुसती पांढरी रेघ उरते आणि पैठणीच्या काठावरचा मोर पुसट होतो, त्यामागे बहुतेकदा हेच कारण असते.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी. मार्च २०२३ मध्ये सॅमसंगच्या फोनवर काढलेल्या चंद्राच्या फोटोंवरून बराच गदारोळ झाला. मुद्दाम धूसर केलेल्या चंद्राच्या चित्राचा फोटो काढला तरी फोन त्यात खळगे भरून देतो, असे एका वापरकर्त्याने दाखवले आणि कंपनीनेही चंद्र ओळखून तपशील वाढवणारी प्रणाली त्यात असल्याचे स्पष्ट केले. गूगलच्या २०२५ च्या पिक्सेल १० प्रो या फोनमध्ये तर ३० पटींपुढच्या झूमला स्वतः चित्र घडवणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे मॉडेलच वापरले आहे. गूगलने निदान इतके केले, की मूळ फोटोही जपून ठेवला, माणसांच्या चेहऱ्यांना ही प्रक्रिया लावली नाही आणि फोटो कसा तयार झाला याची नोंद फाइलमध्येच ठेवली. ही नोंद प्रत्येक कंपनीने ठेवावी असे मला कळकळीने वाटते. फार झूम करून काढलेले फोटो मी मोठ्या पडद्यावर उघडतो तेव्हा मागच्या पाटीवरची देवनागरी अक्षरे कुठल्याच भाषेची उरलेली नसतात, वेलांटी शेजारच्या अक्षराला जाऊन चिकटते आणि जोडाक्षराची जाळी होते. पाटीवरून चूक लगेच कळते. झाडाच्या पानांत किंवा देवळाच्या शिखरावरच्या कोरीव कामात ती कळत नाही, आणि असे फोटो उद्या गावाच्या स्मरणिकेत, पंचनाम्यात, विम्याच्या दाव्यात जाणार आहेत.

फोन कोणताही असो, फोटो जपण्याविषयी परीक्षणात दोन ओळी असाव्यात, असेही सुचवावेसे वाटते. वडील किंवा आई गेल्यावर लोक तसबिरीसाठी फोटो घेऊन येतात. तो बहुधा कुणाच्या तरी लग्नातल्या समूहचित्रातून कापलेला आणि व्हॉट्सॲपवरून फिरत आलेला असतो. सव्वा लाखाच्या फोनवर काढलेला असला, तरी नेहमीच्या पद्धतीने पाठवल्यामुळे त्याची लांबाकडची बाजू साधारण सोळाशे पिक्सेलवर आलेली असते, आणि त्यातला एक चेहरा कापला की हाती उरतात शे-दोनशे पिक्सेल. मी तो वाढवून देतो, पण डोळ्यांतले भाव वाढवता येत नाहीत. तोच फोटो व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला असता, किंवा ज्याने काढला त्याने मूळ फाइल संगणकावर उतरवून ठेवली असती, तर चांगली तसबीर झाली असती. एस२१ पासून सॅमसंगच्या या मालिकेत मेमरी कार्डाची खाचही नाही, त्यामुळे फोन भरला की लोक आधी जुने फोटो पुसतात.

फोन बदलावा की नाही, या प्रश्नात कॅमेऱ्यापेक्षा मी फोनच्या सॉफ्टवेअरमधल्या त्रुटी बुजवणाऱ्या सुरक्षा अपडेटना अधिक वजन देतो, कारण आता पैशांचे सगळे व्यवहार याच यंत्रातून चालतात. येथे एक ठोस उदाहरण द्यायला हवे. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या एस२३ मालिकेला पाच वर्षांच्या सुरक्षा अपडेटचे आश्वासन होते, म्हणजे ती २०२८ पर्यंत. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या एस२४ मालिकेला सात वर्षांचे, म्हणजे २०३१ पर्यंत. दोन्ही फोनमध्ये जेमतेम वर्षाचे अंतर, पण आयुष्यात तीन वर्षांचा फरक. सवलतीच्या काळात जुना फोन काही हजारांनी स्वस्त दिसतो तेव्हा हा फरक कोणी सांगत नाही. शिवाय ही वर्षे मोजली जातात ती फोन बाजारात आला त्या दिवसापासून, आपण पावती फाडली त्या दिवसापासून नव्हे. गूगलने पिक्सेल ८ पासून, म्हणजे ऑक्टोबर २०२३ पासून, सात वर्षांचे आश्वासन दिले आहे. आयफोनच्या बाबतीत अनुभवावरून बोलता येते: २०१८ च्या एक्सएसला २०२४ मध्ये आलेले आयओएस १८ (आयफोनचे मूळ सॉफ्टवेअर) मिळाले, २०२५ चे आयओएस २६ मिळाले नाही. हा हिशेब मांडला की दोन-तीन वर्षांपूर्वी वरच्या श्रेणीतला फोन घेतलेल्या बहुतेकांना नव्याची गरजच नाही हे दिसून येते, आणि मी तसे स्पष्ट सांगतो.

अशा फोनचे जे खरोखर थकते, ती बॅटरी. लिथियम-आयन बॅटरी चार्जिंगच्या फेऱ्यांबरोबर झिजतेच. ॲपलच्या म्हणण्याप्रमाणे आयफोन १४ पर्यंतच्या बॅटरीत ५०० फेऱ्यांनंतर आणि १५ पासूनच्या बॅटरीत १००० फेऱ्यांनंतर ८० टक्के क्षमता उरते. फोन ‘स्लो’ झाला, दुपारीच बंद पडतो, म्हणून तो विकायला निघालेल्या माणसाला अधिकृत केंद्रात बॅटरी बदलून आणखी दोन-तीन वर्षे सहज काढता येतात. त्यासाठी सुटे भाग मिळायला हवेत आणि त्यांची किंमत आधी कळायला हवी. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून याचे नियमच केले: बॅटरी ८०० फेऱ्यांनंतर ८० टक्के टिकली पाहिजे, मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षे सुटे भाग आणि किमान पाच वर्षे अपडेट मिळाले पाहिजेत, आणि दुरुस्ती किती सोपी याची श्रेणी खोक्यासोबतच्या लेबलवर छापली पाहिजे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले आणि दुरुस्ती-निर्देशांकासाठी नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये अहवालही दिला. त्याच कंपन्या, तेच फोन. मग युरोपातल्या ग्राहकाला लेबलवर जे वाचायला मिळते ते सांगली-कोल्हापूरच्या ग्राहकाला का मिळू नये? फोनवर आपण १८ टक्के जीएसटी भरतो, एवढी अपेक्षा ठेवण्याचा अधिकार आपल्याला आहे.

टायटॅनियमची चौकट की ॲल्युमिनियमची, कडा सपाट की गोल, यावर परीक्षणांत बरीच जागा जाते. निम्मी जागा वाचली तरी तीत माझ्या अपेक्षा बसतील.

आपणांस विनंती अशी, की प्रत्येक परीक्षणाच्या शेवटी एक छोटा तक्ता द्यावा: मागच्या प्रत्येक कॅमेऱ्याच्या सेन्सरचा आकार, सुरक्षा अपडेट ज्या महिन्यात संपणार तो महिना आणि वर्ष, अधिकृत केंद्रातला बॅटरी व पडदा बदलण्याचा दर, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी असे केंद्र आहे की पुण्या-मुंबईलाच जावे लागते ते. फोटोंचे नमुनेही दुपारच्या उन्हातल्या बागेचे न देता ट्यूबलाइटच्या खोलीत धावणाऱ्या मुलाचे, समईच्या उजेडातल्या देवघराचे आणि सावळ्या चेहऱ्याचे द्यावेत, कारण चेहरा उजळ करून दाखवण्याची खोड काही फोनना अजूनही आहे. दिवाळीच्या खरेदीची पुरवणी निघण्यापूर्वी याचा विचार झाला, तर माझ्या काउंटरवर विचारणाऱ्यांना मी तेच पान कापून देईन.

आपला नम्र,
एक फोटो स्टुडिओ व्यावसायिक, सांगली