स्टिकर कोणालाही मिळतो

प्रति,
मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून माझ्या उजव्या पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराच्या धातूच्या पट्ट्या, आहे. गाडी हातानं चालवतो. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर स्टिअरिंगपाशी घेतलेत, आरसीवर तशी नोंदही आहे.

गेल्या महिन्यात पुण्यातल्या एका मॉलच्या तळघरात, व्हीलचेअरचं चित्र काढलेल्या, अपंगांसाठी राखीव पार्किंगच्या जागेवर एक भलीथोरली एसयूव्ही उभी होती. वॉचमनला विचारलं, तर म्हणाला, "काका, त्यांच्याकडं व्हीलचेअरचा स्टिकर आहे. तुमचा कुठंय?" मी पँट वर करून कॅलिपर दाखवलं. पन्नाशी उलटल्यावर याची लाज वाटत नाही असं नाही, पण सवय झालीय. तो स्टिकर नंबरप्लेटच्या दुकानात कोणालाही मिळतो, कागद कोणी मागत नाही.

केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत ही जागा ३.६ मीटर रुंद आणि प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत सांगितली आहे. रुंदी चैनीसाठी नाही. उतरताना गुडघ्याचं लॉक लावलं की पाय काठीसारखा ताठ होतो, दार सताड उघडल्याशिवाय तो बाहेरच निघत नाही. आणि परत येऊन पाहावं तर शेजारी कोणीतरी गाडी चिकटवलेली! मग त्याचा सिनेमा सुटेपर्यंत खांबाला टेकून उभं राहायचं.

२०२० मध्ये केंद्रानं वाहननोंदणीच्या फॉर्म २० मध्ये मालकीचा 'दिव्यांगजन' हा प्रकार घातला. तो कागदावरच राहतो. विजेची गाडी हिरव्या पाटीवरून ओळखू येते, टॅक्सी पिवळ्या. माझी येत नाही.

म्हणून वेगळी नंबरप्लेट मागणार होतो. आता मागत नाही. माझी गाडी घेऊन मुलगा एकटाच मित्रांकडं गेला, तर पाटी असेल, मी नसेन. उलट माझे वडील. वय ८१, फुप्फुसं थकलेली, वीस पावलांवर थांबावं लागतं. त्यांच्या नावावर गाडीच नाही. कधी माझ्या, कधी बहिणीच्या गाडीतून दवाखान्यात जातात. पाटी कोणाच्या गाडीला लावायची? ब्रिटनमध्ये 'ब्लू बॅज' माणसाला देतात, तो ज्या गाडीत बसेल तिच्या काचेमागे ठेवायचा. आपल्याकडंही तसंच करा.

मग बॅज कोणाला? इथं कृपा करून यूडीआयडी कार्डावरची, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्रावरची, टक्केवारी जशीच्या तशी उचलू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत, सवलतींना साधारण ४० टक्क्यांची अट. ऐकू न येणाऱ्याला ते कार्ड हक्कानं मिळतं. पण रुंद जागेवाचून त्याचं अडत नाही. वडिलांचं अडतं, आणि फुप्फुसाचा आजार त्या २१ मध्ये नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत डॉक्टरला वेगळाच प्रश्न असतो: हा माणूस न थांबता २०० फूट, म्हणजे साधारण ६० मीटर, चालू शकतो का? आपल्या जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांनाही हेच विचारा. खुब्याचं ऑपरेशन झालेल्यांना सहा महिन्यांचा तात्पुरता बॅज द्या. बॅजवर क्यूआर कोड असू द्या, म्हणजे चौकातला हवालदार मोबाइलवर तपासेल आणि कोणाला पँट वर करायला लागणार नाही.

आणि हो, अर्जाची खिडकी तळमजल्यावर ठेवा.

आपला,
एक वाहनचालक, पुणे