पप्पा, तुमच्या त्या प्रश्नाबद्दल

प्रिय पप्पा आणि मम्मी,
सप्रेम सलाम.

रविवारी फोन ठेवता ठेवता पप्पा तुम्ही विचारलंत ना, "मी पोचेन ना रे तिकडे, स्वर्गात?", तेव्हा मी "काहीतरीच काय" म्हणून हसून विषय बदलला आणि मग रात्रभर स्वतःवरच चिडत बसलो. ज्या माणसाने आयुष्यात उपासना चुकवली नाही आणि आम्हाला अध्यायच्या अध्याय पाठ करायला लावले, त्याला ही धास्ती वाटत असेल तर ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. फोनवर मला धड बोलता येत नाही, मध्येच मम्मी जेवलास का विचारते (जेवतोय गं), म्हणून लिहितोय.

तुम्ही म्हणालात बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय, इब्री ६, वाचल्यापासून झोप उडालीये. ज्यांना एकदा प्रकाश मिळाला आणि तरी जे पतित झाले त्यांना परत पश्चात्तापाकडे आणणं अशक्य, ती ४ ते ६ वचनं. पण पप्पा तुम्ही तिथेच थांबलात! नववं बघा, तोच लेखक लगेच म्हणतो की प्रियजनहो, आम्ही असं बोलत असलो तरी तुमच्याबद्दल आमची खात्री चांगल्या गोष्टींची आहे, तारणाबरोबर, म्हणजे पापातून सुटकेबरोबर, येणाऱ्या गोष्टींची. आणि दहावं, की तुमचं काम आणि तुम्ही दाखवलेली प्रीती विसरायला देव काही अन्यायी नाही. ते पत्र छळाला कंटाळून ख्रिस्तालाच सोडायच्या बेतात असलेल्यांना लिहिलंय. "मी त्याच्यापासून लांब तर नाही ना गेलो" म्हणून रात्री दोनला उठून बसणाऱ्याला नाही. ज्याने खरंच पाठ फिरवली त्याची झोप कशाला उडेल.

बाकी मिळालेलं तारण जाऊ शकतं का यावर मंडळ्यांचं, म्हणजे चर्चचं, एकमत नाही हे तुम्हालाही माहितीये. धर्मसुधारक कॅल्विनच्या बाजूचे म्हणतात जो खरा देवाचा तो शेवटपर्यंत टिकतोच, मेथडिस्टांच्या वेस्लीच्या बाजूचे म्हणतात माणूस आपणहून दूर जाऊ शकतो. मला तो वाद सोडवता येणार नाही. पण गंमत अशी की १६४६ चा वेस्टमिन्स्टरचा विश्वासनामा, जो पक्का कॅल्विनवाद्यांचा, त्यातच लिहिलंय की खऱ्या विश्वासणाऱ्यालाही आपलं तारण झाल्याची खात्री मिळायला बरीच वाट बघावी लागू शकते आणि मिळालेली खात्री डळमळूही शकते. म्हणजे खात्री डळमळली म्हणून तारण गेलं असं तेसुद्धा म्हणत नाहीत. आणि पंडिता रमाबाईंचं तर तुम्हीच सांगायचात, बाप्तिस्मा १८८३ ला, आणि आठेक वर्षांनी त्यांना कळलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हता. एवढ्या विद्वान बाईला आठ वर्षं लागली.

आता जे सांगायला खरं तर बसलोय ते. पप्पा, इथे आल्यावर पहिलं सव्वा वर्ष मी चर्चला गेलोच नाही. तुम्ही दर रविवारी विचारायचात "उपासना झाली का" आणि मी हो म्हणायचो. ड्युटी हे कारण होतं पण खरं कारण ते नव्हतं, मन उडालं होतं, प्रार्थना करायला बसलो की भिंतीशी बोलल्यासारखं वाटायचं, मग तेही सोडलं. आणि खोटं बोलायची सवय झाल्यावर तर परत जायची लाजच वाटायला लागली. इब्री ६ ची भीती मला तेव्हा बसली.

परत आणलं येशूच्या शिष्याने, पेत्राने. योहानाच्या शुभवर्तमानात १८ व्या अध्यायात तो कोळशाच्या विस्तवापाशी शेकत उभा असतो आणि तिथेच आपण येशूचे शिष्य असल्याचं नाकारतो. आणि २१ मध्ये प्रभू किनाऱ्यावर आहे, समोर परत कोळशाचा विस्तव, आणि जितक्यांदा नाकारलं तितक्यांदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का. मूळ ग्रीकमध्ये कोळशाच्या विस्तवाचा तो शब्द नव्या करारात फक्त या दोनच ठिकाणी येतो म्हणे. पण मला जास्त लागलं ते लूक २२:३२. नाकारण्याच्या आधीच प्रभू सांगून ठेवतो की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. पेत्राची पकड सुटणार हे त्याला माहीत होतं! म्हणजे पेत्र वाचला तो स्वतःच्या पकडीवर नाही. आणि मी इकडे रोज माझीच पकड तपासत बसलो होतो, आज घट्ट आहे का, काल होती का.

काका म्हणतील, मग काय, कसंही वागा, तारण तर फुकटच. हा प्रश्न प्रेषित पौलाने रोमकरांस पत्राच्या ६ व्या अध्यायाच्या सुरुवातीलाच स्वतःला विचारलाय, त्यांना सांगा. आणि अब्राहामाचं बघा ना, विश्वासामुळे तो नीतिमान गणला गेला उत्पत्ति १५ मध्ये, इसहाकाला घेऊन डोंगर चढला २२ मध्ये. मधल्या अध्यायांत दासी हागारेपासून मूल करून घेणं आहे, आणि विसाव्यात तर सारा माझी बहीण आहे म्हणून दुसऱ्यांदा थाप मारलीये. नव्या करारातला याकोब त्याच्या पत्रात म्हणतो कृतीने विश्वास पूर्ण झाला, ते बरोबरच, पण पूर्ण व्हायला किती वर्षं आणि किती घोळ. मला थापाड्याला तेवढ्यानेच बरं वाटलं.

आता चर्चला जातो. छोटी मंडळी आहे, खुर्च्या मांडायचं काम माझ्याकडे. कधी मन लागतं, कधी नाही, पण खुर्च्या मांडतो. खोटं बोललो त्याबद्दल माफ करा, मम्मी तू पण.

बुधवारी रात्री फोन करतो. तोपर्यंत इब्री ६ नवव्या वचनापासून वाचून ठेवा, एकोणिसाव्यातल्या नांगरापर्यंत, मोठ्याने वाचा म्हणजे मम्मीलाही ऐकू जाईल. आणि त्या रात्री दोनला जाग आली तर उठून बसू नका, मला मिस्ड कॉल द्या, मी जागाच असतो.

तुमचा,
बाळू