मुलुंड मध्येच येतं

ती. बाबा आणि ती. आई,

सा. न. वि. वि.

(वि. वि. बघून बाबा हसतील म्हणून लिहिलं.) हे समोर बसून बोलायला हवं होतं, कळतंय मला. तीन वेळा सुरुवातही केली. एकदा बाबांनी बातम्यांचा आवाज वाढवला, एकदा आई "आधी जेव" म्हणाली, आणि तिसऱ्यांदा मीच गॅसच्या नंबराबद्दल बोलले. म्हणून आता गाडीत लिहितेय. नेरळ गेलंय, चौथी सीट आहे, अक्षर हलणार. हे पत्र कॅलेंडरमागच्या दुधाच्या वहीत ठेवीन. ती वही बाबा रात्री काढतातच.

मुलुंडला खोली घेतली आहे मी. डिपॉझिटही देऊन झालं. एक तारखेपासून राहायला जाणार. रागावू नका, पुढचं वाचा.

एकटी नाही. संक्रांतीला डब्यात हळदीकुंकू केलं तेव्हा मला ती स्टीलची वाटी मिळाली होती ना, ती देणारी ताई आणि तिची मावसबहीण. स्टेशनपासून सात मिनिटं, पूर्वेला, दुसरा मजला. आई, खिडक्यांना जाळ्या आहेत. गळती नाही, मी मुद्दाम धो धो पावसात जाऊन बघून आले. खाली गिरणी आहे, भाजीवाली बसते, पाणी सकाळी दोन तास येतं. गाडीचा आवाज खोलीपर्यंत येतो, त्यामुळे झोपेची काळजी नाही.

बाबा, तुम्ही काय म्हणाल ते माहीत आहे. काही म्हणणारच नाही तुम्ही. एकतीस वर्षं तुम्ही हीच लोकलची रोजची ये-जा केलीत, तीही बॅग मांडीवर ठेवून पत्ते खेळत, घरी येताना दादरहून आईला गजरा आणत. मी आठव्या वर्षीच हात टेकले. कर्जत ते सीएसएमटी शंभर किलोमीटर, जाऊन-येऊन दोनशे. तुम्हाला जेवढं पडायचं तेवढंच मलाही पडतं. पण तुम्ही निघायचात तेव्हा बदलापूरला डबा हसतखेळत भरायचा म्हणे. आता बदलापूरला डब्यात पाऊल ठेवायला जागा नसते. अंबरनाथच्या बायका डाऊन गाडीने बदलापूरला येऊन जागा धरतात, मग "कुठे उतरणार?" हे ठाण्यापर्यंत चालू. हे कारण म्हणून सांगत नाहीये. किंवा सांगतेय. असो.

खरं कारण आई आहे. चिडू नकोस गं. तू चारला उठतेस. कुकरची एकच शिट्टी होऊ देतेस, शेजारच्यांची झोपमोड नको म्हणून. पोळ्या फडक्यात गुंडाळून देतेस, ठाण्याला पिशवीत हात घातला तर डबा अजून कोमट लागतो. लॉकडाऊनमध्ये लोकल बंद होती तेव्हा मी जन्मात पहिल्यांदा तुला सहाला उठलेली पाहिली. २१ ऑक्टोबर २०२० ला बायकांना लोकल उघडली, तीही सकाळी अकरानंतरच, तरी लगेच दुसऱ्या पहाटे स्वयंपाकघरात चारला दिवा. गुडघ्यांचं डॉक्टरांनी काय सांगितलंय ते मी परत लिहीत नाही.

दुसरं कारण बाबा. मी यायच्या आधी जेवत नाहीत. गाडी लेट झाली की साडेदहा, मग जेवण, मग गोळी, आणि सकाळी साखर दोनशेच्या वर. वर रात्री स्कूटर घेऊन स्टेशनला उभे. मोतीबिंदू काढल्यापासून समोरच्या दिव्यांचा त्रास होतो हे तुम्हीच आईला सांगत होतात, मी ऐकलं.

आता एक खोटं निस्तरते. मनगट सुजलं होतं ते ऑफिसच्या दारात अडकून नाही. ठाण्याला गर्दी आत घुसली, माझा हात दांड्यावर होता आणि कुणाची तरी बॅग त्यावर चेपली. मी दाराशी होते, पण आत होते. बाहेर अजिबात नव्हते. मागच्या बाईने माझी ओढणी मुठीत धरून ठेवली होती, पार डोंबिवलीपर्यंत. एवढंच झालं. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ त्या दोन गाड्यांतून माणसं पडली, त्या दिवशी आईचे अकरा मिस्ड कॉल होते आणि मी मीटिंगमध्ये. फोन लागल्यावर तू फक्त "खाल्लंस का?" विचारलंस. मी त्या दिवसापासून खोली शोधत होते.

लहानपणीचं एक सारखं आठवतंय. पुण्याच्या गाडीला मागून इंजिनं जोडायचे, तेव्हा बाबा मला खांद्यावर बसवून दाखवायचे. "घाट आहे ना, एकट्या इंजिनाला ओढवत नाही, म्हणून मागून ढकलणारं लागतं. लोणावळ्याला सुटतं मग ते." मला त्या सुटलेल्या इंजिनाचं फार वाईट वाटायचं. एकटं परत येणार म्हणून मी रडले होते आणि तुम्ही वडा घेऊन दिलात. तिखट लागला म्हणून पुन्हा रडले. आणि २६ जुलै २००५. तिसऱ्या दिवशी तुम्ही दारात, गुडघ्यापर्यंत चिखल, बदलापूरहून वांगणीपर्यंत चालत आला होतात. आईने आधी पाठीत धपाटा घातला, मग पाणी दिलं. मी तुमच्या खिशातला पास गॅलरीत वाळत घातला होता, चिमटा लावून.

आता मुकाट्याने ऐका. बाबांनी आठला जेवायचं, गोळी त्याआधी. रात्री स्कूटर बंद, किल्ली आईकडे. आईने माळ्यावर चढायचं नाही, पाट्याजवळचं ते डगमगतं स्टूल मी भंगारवाल्याला देऊन टाकलंय, शोधू नका. दर तीन महिन्यांची रक्ततपासणी मी रजा काढून करून आणणार, "मी जाईन एकटा" चालणार नाही. लाइटबिल मी भरते, रांगेत उभं राहायचं नाही. आणि रोज रात्री नऊला फोन. उचलला नाही तर मी येणार, गाडी असेल ती पकडून.

शनिवारी दुपारी घरी. रविवारी मेगाब्लॉक असतो, तेव्हा परत सोमवारी पहाटेच निघणार. सोमवारचा डबा तूच दे आई, चारलाच ऊठ हवं तर. एवढी एक सूट.

पासाचं सांगायचं राहिलं. काल काढला, तीन महिन्यांचा. खिडकीवरच्या माणसाने "मुलुंड ना?" विचारलं, कारण मीच आधी तसं म्हटलं होतं. मग मी म्हटलं, नको, कर्जतच द्या. मुलुंड मध्येच येतं.

बदलापूर आलं. हात आवरते, इथून लिहिता येत नाही.

तुमची,
छकुली

ता. क. बाबा, वहीत पंधरा तारखेला दूध अर्धा लिटरच होतं, तुम्ही एक लिटर लिहिलंय.